भक्तकवि रेव्हरंड नारायण वामन टिळक

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पदांचा परिचय नाहीं असें घर विरळाच. लहान मुलाला शुभवर्तमान वाचतां येण्यापूर्वींच आईच्या मांडीवर बसून त्याच्या कानीं हीं पदें पडतात. पुस्तक मागाहून येतें. गाणें अगोदर येतें. मराठी ख्रिस्ती मनाला विश्वासाचा पहिला धडा असा गाऊन देणाऱ्या पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं, मग ते कोणत्याहि धर्माचे असोत, जाणून घेण्यासारखें आहे.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव हे सरकारी नोकरींत असून स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई प्रेमळ होत्या. मुलाचा सारा जीव आईवर होता. तो सुमारें अकरा वर्षांचा असतांना ती वारली, आणि घरांतील ओलावाच नाहींसा झाला. नारायणानें घर सोडून नाशिक गांठलें. तेथें गणेशशास्त्री लेले यांजपाशीं त्यानें संस्कृत काव्याचें अध्ययन केलें. शाळेंतील इंग्रजी शिक्षण अर्धवटच राहिलें. परंतु वक्तृत्व, पाठांतर व शीघ्र कवित्व हें धन त्याला लाभलें. पुढें गोखल्यांच्या घरच्या मनकर्णिकेशीं विवाह झाला. याच त्या पुढें महाराष्ट्रास परिचित झालेल्या लक्ष्मीबाई टिळक.

एका जागीं स्थिर राहणें टिळकांच्या स्वभावांत नव्हतें. कधीं शिक्षक, कधीं पुराणिक, तर कधीं छापखान्यांत खिळे जुळविणारा, असा त्यांचा संसार चालला होता. १८९१ सालीं नागपुरास संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचें काम मिळालें. देशाची अवनति कशानें झाली, आणि ज्यांत जातिभेदाला थारा नाहीं असा धर्म कोणता, या विचारानें त्यांना ग्रासलें होतें. १८९३ च्या सुमारास राजनांदगांवकडे आगगाडीनें जात असतांना डब्यांत एका युरोपियन गृहस्थांची गांठ पडली. प्रथम कवितेविषयीं बोलणें झालें, मग धर्माविषयीं. आणि निरोप घेतांना त्या गृहस्थांनीं नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं दिली. वाचीन असें कबूल केलें होतें, म्हणून टिळकांनीं तें पुस्तक उघडलें. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच तें त्यांना खालीं ठेववेना.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळीं या गोष्टीचा अर्थ काय होता, हें आजच्या मुलांनीं नीट समजून घ्यावें. मान गेला, नातीं तुटलीं, आणि पत्नी व लहानगा मुलगा हीं दुरावलीं. लक्ष्मीबाईंस ही वार्ता म्हणजे जिवंतपणींचें वैधव्यच वाटलें. दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. त्यांतील कांहीं काळ तर पंढरपुरासारख्या क्षेत्रीं गेला. टिळकांनीं त्यांजवर बळजबरी केली नाहीं. पत्रें लिहिलीं व वाट पाहिली. आश्चर्य असें कीं, याच ताटातुटीच्या दिवसांत लक्ष्मीबाईंच्या तोंडूनहि कविता निघूं लागली. कांहीं वर्षांनीं त्या पतीकडे आल्या त्या आपलें सोंवळें व आपली चूल वेगळी ठेवूनच. जातींचे भेद देवानें केले नसून माणसांनीं केले आहेत, हें त्यांचें त्यांनाच पटलें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वादविवादानें जें झालें नसतें तें धीरानें झालें.

टिळक अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञान शाळेंत शिकवीत असत. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेथें त्यांच्या लक्षांत एक गोष्ट आली. खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळींत महार व मांग समाजांतून आलेले गरीब लोक पुष्कळ होते. त्यांतील कित्येकांस अक्षरओळख नव्हती. त्यांस जो बोध व्हावयाचा तो कानांनीं व्हावयाचा. परंतु उपासनेंतील बरींच गीतें इंग्रजीवरून भाषांतरिलेलीं व परदेशी चालींवर बसविलेलीं. शब्द मराठी, पण चाल परकी. त्यामुळें गाणाऱ्याचें मन बाहेरच राही. बॅलंटाईनसाहेबांसारख्या मिशनऱ्यांनीं मराठींत गीतरचना केली होती, व कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. टिळकांनीं ही वाट रुंद करून तिचा राजमार्ग केला.

प्रारंभींचीं कांहीं वर्षें तेहि पाश्चात्य वळणानेंच चालले. पुढें ते पुन्हां ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या वाणीकडे वळले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलों असें ते मोकळेपणानें सांगूं लागले. बारामती व इंदापूर येथील विद्यार्थ्यांस या म्हणण्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. दरवर्षीं देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आपल्याच दोन तालुक्यांतून पंढरीस जाते, आणि कधीं शाळेचें तोंड न पाहिलेले शेतकरी टाळांच्या ठेक्यावर अभंगामागून अभंग म्हणत चाललेले आपण पाहतों. ज्या बारामतींत कविवर्य मोरोपंत राहिले व १७९४ सालीं निवर्तले, त्यांच्या आर्याहि कीर्तनकारांच्या मुखांतूनच घरोघर गेल्या. अभंगाची घडणच अशी सोपी आहे. मोठ्या अभंगाच्या चार खंडांपैकीं पहिल्या तिहींत सहा सहा व शेवटल्यांत चार अक्षरें, आणि दुसऱ्या व तिसऱ्या खंडांत यमक. एकानें पुढें म्हणावें, इतरांनीं मागून झेलावें; दोन वेळां ऐकलें कीं तिसऱ्या वेळीं तोंडीं बसतें. हें साधन टिळकांनीं येशूच्या भक्तीसाठीं हातीं घेतलें. त्यांनीं शेंकडों पदें व अभंग रचिले, आणि स्वतः टाळ घेऊन कीर्तनें केलीं. मराठी उपासनेच्या गीतसंग्रहांत त्यांचा वांटा फार मोठा आहे.

हा अनुभव केवळ आपल्याच देशाचा नव्हे. जर्मनींत मार्टिन लूथर यांनीं १५२४ च्या सुमारास लोकभाषेंतील स्तोत्रें छापून सामान्य माणसांच्या तोंडीं दिलीं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांतहि गरीब शेतकऱ्यांनीं बँजो व फिडल यांच्या साथीवर साध्या चालींची भक्तिगीतें गाऊन आपला विश्वास लेंकरांस दिला. तेथील बँजो तेथें शोभतो; येथें टाळ व एकतारी शोभते. गाणाऱ्याच्या मातींतून उगवलेलें गाणेंच त्याच्या दुःखाच्या वेळीं ओठांवर येतें.

धर्मांतरानें मनुष्य देशाला मुकतो हा समज टिळकांनीं आपल्या आचरणानें खोटा ठरविला. त्यांनीं देशावर, फुलांवर व मुलांवर गोड कविता लिहिल्या. फुलामुलांचे कवि म्हणून त्यांची ख्याति झाली. १९०७ सालीं जळगांव येथें भरलेल्या कविसंमेलनांत त्यांस मानाचें स्थान होतें, आणि तेथें चमकलेल्या तरुण बालकवि ठोमऱ्यांस त्यांनीं आपल्या घरीं मुलासारखें वागविलें. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांजकडे होतें.

१९१७ सालीं त्यांनीं मिशनच्या पगाराचा त्याग केला, व साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ या नांवाची भक्तमंडळी उभी करण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सारे ख्रिस्तप्रेमी तींत एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. हें धाडस कित्येक ख्रिस्ती मित्रांसहि रुचलें नाहीं. एकीकडे स्वजन परके झाले, दुसरीकडे नवे सोबती साशंक झाले. तरी त्यांचें गाणें थांबलें नाहीं. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला, तेव्हां १९०९ सालीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. त्यांच्या हातून सुमारें दहा अध्याय झाले होते. उरलेले पुष्कळसे लक्ष्मीबाईंनीं लिहून तें काव्य तडीस नेलें. ज्या स्त्रीला पतीचा धर्म एके काळीं मरणाहून कठीण वाटला, तिनेंच त्याचें अपुरें गीत पुरें करावें, याहून मोठी साक्ष ती कोणती? १९३६ सालीं त्या निवर्तल्या. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ मराठी भाषेचें भूषण होऊन राहिलीं आहेत.

विद्यार्थी मित्रहो, टिळकांपाशीं द्रव्य नव्हतें, पदवी नव्हती, अधिकारहि नव्हता. मायबोली, गोड गळा व देवावरील प्रेम एवढ्या भांडवलावर त्यांनीं अशिक्षितांच्या झोंपडींत शुभवर्तमान नेलें. आईबापांस एवढीच विनंति कीं, दिवेलागणीच्या वेळीं मुलांस जवळ घेऊन आपल्या धर्माचें एखादें पद रोज म्हणावें. मुलांनीं पाठ केलेली पुष्कळशी पुस्तकें परीक्षेबरोबर विसरलीं जातील. परंतु आईबापांच्या सुरांत सूर मिसळून म्हटलेलें पद संकटाच्या काळीं, कोणी न बोलावतां, त्यांच्या सोबतीला येईल.