विश्लेषण : शाळेत डॉक्टर पहिल्यांदा कधी आले? सयाजीराव गायकवाड यांच्या बडोद्यात काय घडले?

राष्ट्रीय जंतनाशक दिन आला की कोरपना तालुक्यातील शाळांमध्येही मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळायला दिली जाते. वर्षातून एकदा आरोग्य पथक शाळेत येऊन वजन, उंची, दात, डोळे, त्वचा तपासते. हे काम दवाखान्याचे, मग ते शाळेत का होते? भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोदा शहरात झाली, असे वैद्यकीय पाठ्यपुस्तके सांगतात. तेव्हा तेथे राज्य होते महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कारकीर्दीत सापडते.

कोण होते सयाजीराव?

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी गोपाळरावांना दत्तक घेतले. त्या वेळी ते १२ वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शिक्षक एलियट आणि दिवाण टी. माधवराव यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

आजारपण त्यांनी जवळून पाहिले होते. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये क्षयरोगाने गेल्या. स्वतः सयाजीरावांचीही प्रकृती ठीक राहत नसे. १८८७ मध्ये ते प्रथम युरोपला गेले, तेही प्रकृतीच्या कारणाने. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला आजवा येथे तलाव बांधून बडोदा शहराला नळाने पाणी देण्यात आले. त्याच दशकात प्लेग आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ.

आधी सक्तीचे शिक्षण का?

बडोदा संस्थानात सोनगडचा जंगलपट्टाही होता. तेथील आदिवासी मुलांसाठी १८८५ च्या सुमारास निवासी शाळा सुरू झाल्या. आजच्या आश्रमशाळांची आठवण व्हावी, अशीच ही व्यवस्था होती. १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला. १९०६ मध्ये तो कायद्याने संपूर्ण संस्थानात लागू झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. शेतात हात कमी पडणाऱ्या गरीब घरांना तो जड जाई आणि त्यावर तेव्हाही टीका झाली. तरीही गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते.

सक्तीचा आणि आरोग्याचा संबंध काय?

शाळा ऐच्छिक असते तेव्हा तेथे प्रामुख्याने खाऊनपिऊन सुखी घरातली मुले येतात. सक्ती झाली की सगळ्या घरांतली मुले एका वर्गात बसतात. खरूज, नायटा, खुपरी, गोवर असे आजार एकमेकांना लागायला वेळ लागत नाही. शिवाय ज्याला फळा नीट दिसत नाही किंवा ज्याच्या अंगात रक्तच नाही, त्याला दंडाच्या धाकाने वर्गात बसवून काही साधत नाही.

पण याच सक्तीने एक सोयही करून दिली. जी मुले एरवी कधी डॉक्टरसमोर गेली नसती, ती आता रोज एका ठिकाणी, हजेरीपटावरच्या नावासह भेटू लागली. इंग्लंडनेही हाच क्रम पाळला. तेथे आधी शिक्षण सक्तीचे झाले आणि १९०७ च्या कायद्याने शाळांतील वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. दोनच वर्षांनी बडोद्यात तपासणी झाली. त्याच १९०९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातील अंकुश कृमीविरुद्ध रॉकफेलर यांच्या देणगीतून मोठी मोहीम सुरू झाली. तिनेही शाळांचा आधार घेतला.

नंतर काय झाले?

बडोद्याची ती तपासणी शहरापुरती होती. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीरावांचे निधन झाले. १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला, तेव्हा शाळकरी मुलांसाठीची आरोग्य सेवा जवळपास नसल्यातच जमा असल्याचे तिला आढळले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघर येथून झाली आणि २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला.

जंताची गोळी एवढी महत्त्वाची का?

अंकुश कृमीच्या अळ्या दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. गोल कृमीची अंडी न धुतलेल्या हातांतून, भाज्यांतून पोटात जातात. यातून रक्तक्षय, अशक्तपणा, अभ्यासात मागे पडणे असा फेरा सुरू होतो. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी गोळी चुरून देतात. ती स्वस्त आणि सुरक्षित आहे. मात्र शौचालय, चप्पल आणि स्वच्छ पाणी नसेल तर जंत पुन्हा होतात. सरसकट गोळ्या देऊन अभ्यासात नेमका किती फरक पडतो, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. गोळीबरोबर पाण्याची सोयही हवी, याबद्दल मात्र दुमत नाही.

कोरपन्यासाठी याचा अर्थ काय?

१९०९ मध्ये हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजुरा तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. कोरपना तालुका त्यातूनच पुढे वेगळा झाला. आज येथे एकीकडे सिमेंट कारखाने आहेत, तर दुसरीकडे माणिकगड डोंगराच्या भागात कोलाम आणि गोंड पाडे. कापूस वेचणीच्या किंवा तेलंगणातील मिरची तोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर मुलेही गेली, की हजेरीपटावर त्यांचे नाव असते, पण मूल नसते. मग गोळीही चुकते आणि तपासणीही.

सयाजीरावांच्या बडोद्याचा धडा इथे लागू पडतो. शाळेतले आरोग्य हजेरीवर चालते. म्हणूनच जंतनाशक दिनी गैरहजर राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवला जातो.

पालकांनी काय करावे?

मुलाची गोळी चुकली असेल तर शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा आशा ताईंना विचारा. मूल आजारी असेल किंवा दुसरे औषध घेत असेल तर ते आधी सांगा. पथकाने तपासणीनंतर पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडू देऊ नका. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचे पुढचे उपचार या कार्यक्रमात मोफत आहेत. विदर्भात सिकलसेल आढळतो, त्यामुळे मूल सतत थकत असेल किंवा त्याचे सांधे दुखत असतील तर रक्ताची तपासणी मागून घ्या. नुसत्या तपासणीने कोणी बरे होत नाही, त्यानंतरचे उपचार पूर्ण व्हावे लागतात.