मुनशी अब्दुल्ला

मलय भाषेतील शुभवर्तमानासाठी एका मुसलमान पंडिताने श्रम केले, हे आमच्या वाचकांस ठाऊक असावे. अब्दुल्ला बिन अब्दुल कादिर ह्यांचा जन्म मलाक्का शहरी इ. स. १७९६ च्या सुमारास झाला. पूर्वज अरब व तमिळ. तेथील किल्ल्यातील हिंदी शिपायांस ते मलय शिकवीत. त्या शिपायांनीच त्यांस मुनशी म्हटले, व तेच नांव कायम झाले. १८१५ साली लंडन मिशनचे मिल्न साहेब आले, त्यांसही त्यांनी मलय शिकविली. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविण्याची विद्या मात्र स्वतः घेतली.

पुढे थॉमसेन नामक मिशनरी साहेबांबरोबर ते शुभवर्तमानांचे भाषांतर तपाशीत बसत. साहेबांचे शब्द मलय, परंतु वाक्यांची ठेवण परकी. मलय मनुष्य असे बोलत नाही, हे मुनशी वारंवार सांगत. साहेब मानीत नसत. ह्यात साहेबच चुकले, असे आम्हांस वाटते. इकडे स्वधर्मीय लोक त्यांस अब्दुल्ला पाद्री म्हणून हिणवीत, आणि ते तर अखेरपर्यंत मुसलमानच राहिले.

१८४३ साली त्यांनी आत्मवृत्त पुरे केले. ते १८४९ साली छापून निघाले. त्या भाषांतरातील दोष आपल्या माथी मारू नयेत, असे त्यांनी त्यात लिहून ठेविले आहे. १८५४ साली हजच्या यात्रेत ते वारले.