घोडा, बॅट आणि बडोद्याची गादी

क्रिकेट आणि शर्यत या दोन विषयांची आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाला ट्यूशन लावावी लागत नाही. कापूस घरात आला, सोयाबीनचे पैसे हातात पडले की गावोगावी शंकरपट भरतात. बैलांची जोडी, मागे हलकीशी छकडी, तिच्यावर धुरकरी, आणि निकाल घड्याळावर. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही राज्याचा कायदा मान्य केला आणि पट परत धुमधडाक्यात सुरू झाले. परदेशात याचाच चुलतभाऊ म्हणजे हार्नेस रेसिंग. फरक इतकाच की तिथे बैलांच्या जागी घोडा आणि छकडीच्या जागी दोन चाकांची नाजूक गाडी. आणि टेस्ट मॅचचं तर विचारूच नका. होस्टेलपासून बसस्टँडवरच्या टपरीपर्यंत पाचही दिवस स्कोअर चालूच असतो. दोन्हीकडे बघणारे असतात आणि हळूच पैसे लावणारेही असतात. सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी बोलत नाही.

मित्रांनो, ज्या माणसाबद्दल मी लिहिणार आहे त्याला क्रिकेट आणि शर्यत हे दोन्ही शौक होते आणि दोन्ही त्याने अगदी वरच्या लेव्हलला केले. त्याच्यापाशी पैसा इतका होता की आपल्याला आकड्यात सांगूनही कळायचा नाही. तरी हा माणूस शेवटी हरला. का हरला, हे समजून घेण्यासारखं आहे.

हा माणूस म्हणजे बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. त्यांचे आजोबा सयाजीराव महाराज आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती देणारे, १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणणारे राजे. नातवाचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. पण इंग्लंडमधली घोड्यांच्या रेसची जुनी रेकॉर्ड्स काढली तर गंमत दिसते. तिथे सयाजीराव हे नाव सापडतं, पण ते राजाचं नसून एका घोड्याचं आहे!

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८ चा. वडील फत्तेसिंहराव त्याच वर्षी वारले. त्यामुळे जन्मल्यापासूनच हे बाळ गादीचं वारस. आजोबा सयाजीरावांचं उलट होतं. ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, शेतकरी घरातले गोपाळराव. दूरच्या शाखेतला हा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला आला, तिथे शिकला आणि राजा झाला. एकाने सगळं शिकून मिळवलं, दुसऱ्याला सगळं आयतं मिळालं. फेब्रुवारी १९३९ मध्ये सयाजीराव गेले आणि तिसाव्या वर्षी नातू गादीवर बसला.

आधी क्रिकेट घेऊ. त्या काळात आयपीएलचे लिलाव नव्हते, पण टीम जमवणं होतंच. खेळाडूला पोट असतं आणि नुसत्या क्रिकेटवर ते भरत नसे. मग संस्थानिक त्याला फौजेत किंवा दरबारात नोकरी देत आणि तो संस्थानाकडून खेळे. सांगलीचे विजय हजारे असेच बडोद्याच्या नोकरीत आले. लाहोरचा डावखुरा गुल महंमद आला, हेमू अधिकारी आले. प्रतापसिंहरावांच्या कारकिर्दीत १९४२-४३ साली बडोद्याने पहिल्यांदा रणजी ट्रॉफी जिंकली. दुसरीकडे इंदूरच्या होळकरांनीही तगडी टीम बांधली होती. तिचे कॅप्टन होते आपल्या नागपूरचे सी. के. नायडू, म्हणजे १९३२ साली भारताच्या पहिल्यावहिल्या टेस्टचे कॅप्टन.

मार्च १९४७ मध्ये रणजीची फायनल बडोद्यात झाली. एका बाजूला गायकवाडांची टीम, दुसऱ्या बाजूला होळकरांची. जुनी मराठा सरदार घराणी, पण आता लढाई बॅट-बॉलची! होळकरांची पहिली इनिंग २०२ वर आटोपली. बडोद्याचेही ९१ रन्सवर तीन गेले. मग हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि हलायलाच तयार होईनात. चौथ्या विकेटसाठी दोघांनी ५७७ रन्स जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. एकूण ७८४. समोर एक्कावन वर्षांचे सी. के. उन्हात उभे राहून हे सगळं बघत होते. होळकर दुसऱ्यांदा १७३ वर आऊट झाले आणि बडोदा एक इनिंग आणि ४०९ रन्सनी जिंकलं. ही पार्टनरशिप फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये कुठल्याही विकेटसाठी जगात सर्वांत मोठी ठरली आणि ५९ वर्षं टिकली. शेवटी २००६ साली कोलंबोच्या टेस्टमध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ करून ती मोडली. त्या मॅचनंतर पाच महिन्यांनी फाळणी झाली. भारताकडून टेस्ट खेळलेला गुल महंमद पुढे १९५६ साली पाकिस्तानकडूनही एक टेस्ट खेळला.

आता घोडे. महाराजांचा खरा जीव इथे होता. १९४३ साली मुंबईला पहिली इंडियन डर्बी झाली, ती जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटीफुल ही घोडी बडोद्याच्या महाराजांचीच. त्याच वर्षी मद्रासच्या रेसमध्ये त्यांची पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवींशी ओळख झाली आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. पहिल्या राणीसाहेब शांतादेवी आणि आठ मुलं घरी होती. पहिली बायको असताना दुसरी करायला बडोद्याच्या कायद्यानेच बंदी होती, त्यामुळे इंग्रज सरकारनेही कटकट केली. प्रजेला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

महायुद्ध संपलं आणि महाराज इंग्लंडच्या रेसमध्ये उतरले. १९४५ साली त्यांनी लिलावात एक वर्षाचं शिंगरू घेतलं, किंमत २८,००० गिनी. तिथल्या लिलावात एवढ्या वयाच्या शिंगराला तोपर्यंत इतकी किंमत आली नव्हती. आपण इंजिनिअर लोक, हिशेब करून टाकू. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणून २८,००० गिनी म्हणजे २९,४०० पौंड. तेव्हा रुपयाला १८ पेन्स असा रेट होता, म्हणजे एका पौंडाचे साधारण सव्वा तेरा रुपये. एकूण झाले सुमारे तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. तेही १९४५ चे! आणि हे शिंगरू अजून एकदाही पळालेलं नव्हतं. एवढा पैसा नुसत्या वंशावळीवर लावला, कारण त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता. बुकीकडे न जाता केलेला हा सट्टाच म्हणायचा. या शिंगराचं नाव ठेवलं सयाजीराव. ज्या आजोबांनी गावच्या शेतकऱ्याचं पोरही राज्य चालवू शकतं हे दाखवलं, त्यांचं नाव नुसत्या रक्ताच्या भरवशावर घेतलेल्या घोड्याला मिळालं.

घोडा मात्र खरंच चांगला निघाला. जून १९४७ च्या डर्बीत तो तिसरा आला. ही रेस जरा समजून घेण्यासारखी आहे. फेव्हरिट होता ट्यूडर मिन्स्ट्रेल, भाव ४/७. म्हणजे सात रुपये लावले तर जिंकल्यावर वर चारच मिळणार. तो जिंकण्याची शक्यता बाजाराने ११ पैकी ७, म्हणजे जवळजवळ ६४ टक्के धरली होती. जिंकला पर्ल डायव्हर, भाव ४०/१. त्याची शक्यता ४१ पैकी १, अडीच टक्केसुद्धा नाही! फेव्हरिट चौथा. लोकांचे खिसे रिकामे.

याच्या मागचं गणित सोपं आहे. समजा दोन टीम अगदी तोडीस तोड आहेत. मग भाव दहाला दहा हवा. पण बुकी दहाला नऊच देतो. म्हणजे प्रत्येक टीमची शक्यता तो १० भागिले १९, अर्थात ५२.६ टक्के धरून चालतो. दोन्हींची बेरीज १०५ टक्क्यांच्या वर जाते. वरचे पाच टक्के बुकीचे. आज तू जिंकशील, उद्या मी जिंकेन, पण वर्षभराच्या हिशेबात जिंकतो बुकीच. क्रिकेट कितीही समजलं तरी हे पाच टक्के कुठे जात नाहीत. आपल्याकडे रेसकोर्सवरचा घोड्यांचा सट्टा कायदेशीर आहे, क्रिकेटचा नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा केंद्राचा कायदाही आला. कायदा बदलतो, गणित बदलत नाही.

असो. डर्बी हुकली, पण सयाजीराव आयर्लंडची डर्बी जिंकला. आणि सप्टेंबर १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाल्याला जेमतेम महिना होत असताना, डॉनकास्टरला सेंट लेजर ही साधारण २.९ किलोमीटरची मोठी रेस तो फक्त डोक्याच्या अंतराने जिंकला. वर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. पुढच्या वर्षी महाराजांच्या माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज मारली. न्यूमार्केटचं वॉरेन प्लेस हे मोठं रेसिंग स्टेबलही महाराजांनी विकत घेतलं. विचार करा, एकाच वर्षी मार्चमध्ये वर्ल्ड रेकॉर्डसह रणजी आणि सप्टेंबरमध्ये सेंट लेजर! खेळाच्या शौकीन माणसाला आणखी काय पाहिजे?

पण तिकडे घोडे पळत होते आणि इकडे राज्याची लगाम सुटत होती. देशभरात संस्थानं विलीन होत होती. बडोद्याची प्रजा जबाबदार सरकार मागत होती. १९४८ साली लोकांचं मंत्रिमंडळ आलं, डॉ. जीवराज मेहता मुख्य झाले आणि वह्या उघडल्या गेल्या. महाराजांनी संस्थानाच्या तिजोरीतून प्रचंड रकमा उचलल्याचं बाहेर आलं. हा पैसा शेतसाऱ्याचा होता, कुणब्याच्या घामाचा होता. १ मे १९४९ ला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. महाराजांना ते मानवलं नाही. त्यांनी इतर राजांना जमवून विरोध चालू केला. तेव्हा १९५१ साली भारत सरकारने त्यांची महाराज म्हणून मान्यताच काढून घेतली आणि त्यांचे चिरंजीव फत्तेसिंहराव यांना ती दिली. प्रतापसिंहरावांचं पुढचं आयुष्य बरंचसं युरोपात गेलं. १९६८ साली लंडनमध्ये ते वारले, वय साठ.

आता कुणी म्हणेल, उधळ्या राजा होता, विषय संपला. मला ते पटत नाही. याच माणसाने १९४९ मध्ये आजोबांची इच्छा पूर्ण करून बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं केलं. १८९० चं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले, ते त्या विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झालं. म्हणजे आपल्यासारखी हजारो पोरं तिथून इंजिनिअर होऊन बाहेर पडली. क्रिकेटवर घातलेला पैसाही वाया गेला नाही. हजारे पुढे भारताचे कॅप्टन झाले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली टेस्ट जिंकली ती त्यांच्याच हाताखाली. ते बडोद्यातच राहिले, २००४ साली तिथेच वारले. चिरंजीव फत्तेसिंहराव स्वतः बडोद्याकडून रणजी खेळले, १९६३ ते १९६६ क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते आणि रेडिओवर कॉमेंट्रीही करायचे. घोड्यांचं काय राहिलं? वॉरेन प्लेस दुसऱ्यांच्या हातात गेलं. पुढे तिथेच तयार झालेला फ्रँकेल चौदा रेस पळून एकही हरला नाही. पण त्याच्याशी बडोद्याचा काही संबंध नव्हता.

म्हणून मला वाटतं की महाराजांचा शौक चुकीचा नव्हता. घोड्यावर जीव लावणं हा काही गुन्हा नाही. पटात जोडी उतरवणारा आपल्याकडचा शेतकरीसुद्धा तिला पोटच्या पोरासारखा सांभाळतो, ढेप-सरकी स्वतः चारतो, आणि हरलेली जोडी घरी आणून तिच्याच जिवावर वावर वाहतो. तो जे लावतो ते त्याचं स्वतःचं असतं. महाराजांनी जे लावलं ते त्यांचं नव्हतं, आणि वही उघडेपर्यंत त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातला पैसाही आपला नसतो. तो बाबांनी कापूस विकून, नाहीतर सोसायटीचं कर्ज काढून मेस आणि फीसाठी पाठवलेला असतो. तेव्हा मित्रांनो, मॅच पाहा, पट पाहा, घसा बसेस्तोवर ओरडा. पण कुणी कानात येऊन भाव सांगितला, तर खिशात हात घालण्याआधी तो पैसा कुणाच्या वावरातून आलाय एवढं मात्र आठवा.