मूठभर धान्याची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

वसतिगृहाचा विषय निघाला की आम्हां करमाळेकरांच्या तोंडी पहिला प्रश्न अनुदानाचा येतो. गावाचा प्रश्न मागाहून येतो. कधी येतही नाही. या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो असता आम्हांस कर्मवीर भाऊराव पाटील आठवले, कारण त्यांनी हा क्रम उलटा लावला होता.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी कोल्हापुरात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले. परतल्यावर स्नान केल्यावाचून भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि स्वतःच्या वसतिगृहास ते मुकले. मॅट्रिकही पुरी झाली नाही. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकीत ते गावोगाव हिंडले. ही भटकंती वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. रयतेच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना तेव्हाच कळले असावे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत जेवत. नेमक्या त्याच सुमारास, जानेवारी १९२५ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले, आणि सोलापूर नगरपालिकेने त्यास दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले, याचीही येथे नोंद करावीशी वाटते.

परंतु इतक्या मुलांना रोज खाऊ घालावयाचे कोठून? भाऊरावांनी मुष्टिफंडाची योजना काढली. घरातील स्त्रीने दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकावे आणि विद्यार्थ्यांनी ते घरोघर फिरून गोळा करावे. आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखातील माणसास या मुठीचे मोल सांगावे लागत नाही. कधी शाळेचे तोंड न पाहिलेली बाई रोज सकाळी त्या शाळेची आठवण काढू लागली. दारात येणारा मुलगा परका राहिला नाही. मोठ्या देणगीची पाटी भिंतीवर लागते. मुठीची पाटी लावावी कोठे?

आणि मुठी पुरत नसत. अशा वेळी पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडले. मुलांचे जेवण, आजारपण, सारे त्यांनी आईच्या मायेने केले. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊरावांच्या चरित्रात त्यांच्या वाट्याला बहुधा एक परिच्छेद येतो, आणि आमच्याही हातून तेच घडत आहे.

१९३५ मध्ये संस्थेने साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. ज्या गावी शाळाच नव्हती तेथे व्हॉलंटरी शाळा निघाल्या. देऊळ, चावडी, मिळेल ती जागा गावाने द्यावी आणि शिक्षकाने गावचाच होऊन राहावे, अशी त्यांची रीत होती. १९४० चे महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ चे छत्रपती शिवाजी कॉलेज यांत मुले शेतात व बांधकामावर राबून शिकली.

गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले, तेव्हा या रीतीची कसोटी लागली. भाऊराव पुन्हा रयतेच्या दारी गेले आणि शाळा चालू राहिल्या. संत गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. कालांतराने अनुदान पूर्ववत झाले.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सोलापुरात संस्थेचे महिला महाविद्यालय आहे. आमच्या तालुक्यातील लेकी शिकावयास सोलापूरला जातात तेव्हा त्यांना ते ठाऊक असते. त्यास नाव लक्ष्मीबाईंचे आहे.