उभा राहिलेला मुलगा : मार्टिन ल्युथर किंग



मार्टिन ल्युथर किंग म्हटलं की आपण मुलांना त्यांचं १९६३ सालचं स्वप्नाचं भाषण सांगतो आणि थांबतो. पण मुलांना जवळची वाटेल अशी गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरात झाला. लहानपणी त्यांचा एक गोरा मित्र होता. दोघं शाळेत जाऊ लागले, तेही वेगवेगळ्या शाळांत, आणि मित्राच्या घरच्यांनी एकत्र खेळणं बंद केलं.

१९४४ साली, पंधरा वर्षांचे असताना, ते वक्तृत्व स्पर्धेसाठी दुसऱ्या गावी गेले. विषय होता कृष्णवर्णीय आणि राज्यघटना. परतताना बसमध्ये गोरे प्रवासी चढले. ड्रायव्हरने किंग आणि त्यांच्या बाईंना जागा सोडायला सांगितली. मार्टिन उठेना. शेवटी बाईंनीच समजावलं आणि दोघं सुमारे १४५ किलोमीटर उभे राहून घरी आले. इतका राग आयुष्यात पुन्हा कधी आला नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं. विचार करा, आपल्या विद्यार्थ्याला उठ म्हणताना त्या बाईंना काय वाटलं असेल!

१ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. तिथल्या बस बहिष्काराचं नेतृत्व आलं ते २६ वर्षांच्या किंग यांच्याकडे. लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तरी त्यांनी जमावाला शांत ठेवलं. अखेर न्यायालयाच्या निकालाने बसमधला भेदभाव संपला. गांधीजींचा मार्ग समजून घ्यायला ते १९५९ मध्ये भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले. १९६४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

आता शेवटचा भाग, जो आपण बहुधा सांगतच नाही. १९६८ मध्ये मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले. सुमारे १३०० कामगार संपावर गेले, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. त्यांच्या पाठीशी उभं राहायला किंग तिथे गेले. ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या गॅलरीत त्यांना गोळी घातली. वय फक्त ३९. काही दिवसांतच कामगारांना पगारवाढ आणि संघटनेची मान्यता मिळाली.

१९९१ पासून त्याच मोटेलच्या जागी नागरी हक्क संग्रहालय आहे. किंग यांची ३०६ नंबरची खोली तशीच जपली आहे. पण तिथे एक बस आणि एक कचरागाडीही ठेवली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अन्याय काही फक्त दुष्ट माणसं करत नव्हती. तो रोजच्या बसमध्ये आणि रोजच्या कामात नियम म्हणून बसला होता, आणि चांगली माणसंही तो मुकाट्याने पाळत होती.

म्हणून ही गोष्ट सांगून झाली की मुलांना दोनच प्रश्न विचारा. आपल्या वर्गात, पंगतीत, गावात कुणाला मागे बसावं लागतं का? आणि ते आपल्याला दिसतं का? उत्तरासाठी घाई करू नका. आधी आपण स्वतःला विचारू.