राष्ट्राध्यक्षाला वाचवता आलं नाही म्हणून तो भरतकाम शिकला, आणि किडनी ट्रान्सप्लांटची वाट मोकळी झाली

२४ जून १८९४. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो ल्यों शहरात आले होते. एका इटालियन अराजकवाद्याने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली. सर्जन जमले, पण अशी शीर शिवायची कशी हे तेव्हा कुणालाच धड जमत नव्हतं. मध्यरात्रीनंतर कार्नो गेले.

त्याच शहरात मेडिकल शिकणाऱ्या अलेक्सी कॅरेलच्या डोक्यात हे पक्कं बसलं. ल्यों म्हणजे रेशमाचं गाव. कॅरेल थेट एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला आणि बारीक सुई-धागा चालवायला शिकला. १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत छापली. रक्तवाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताण द्यायचा, की त्रिकोण होतो. मग एकेक सरळ बाजू शिवायची. समोरची भिंत टाक्यात अडकत नाही आणि तोंड अरुंद होत नाही.

किडनीसाठी हे फार मोलाचं. आपलं लक्ष कायम आत येणाऱ्या रक्ताकडे असतं, पण बाहेर जाणारी शीर तुंबली तरी किडनी बसते. किडनीभोवती घट्ट आवरण असतं, फुगायला जागा नसते. शिरेतला दाब वाढला की आतला दाबही वाढतो, रक्त गाळणं मंदावतं, लघवी कमी होते. ट्रान्सप्लांटनंतर शीर पिळली, तिच्यात गुठळी झाली किंवा हृदयाची उजवी बाजू थकली, तर आजही हेच होतं. म्हणून तर डॉक्टर डॉपलर सोनोग्राफीत धमनीबरोबर शीरही बघतात.

१९०४ मध्ये कॅरेलने फ्रान्स सोडलं. आधी शिकागो, मग न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट. तिथे त्याला दिसलं, की कुत्र्याची स्वतःचीच किडनी काढून परत बसवली तर ती चालते, दुसऱ्या कुत्र्याची मात्र काही दिवसांत बंद पडते. म्हणजे गडबड टाक्यांत नव्हती, शरीर परकी किडनी नाकारत होतं. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. माणसातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट व्हायला मात्र १९५४ उजाडलं, तेही जुळ्या भावांमध्ये.

पुढचा कॅरेल पचायला जड आहे. १९३५ च्या पुस्तकात त्याने काही माणसांना गॅसने संपवण्याची भाषा केली. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांपुढे झुकलेल्या विशी सरकारसोबत काम करत राहिला. चौकशीचं सावट असतानाच ५ नोव्हेंबर १९४४ ला पॅरिसमध्ये वारला. ल्योंच्या मेडिकल कॉलेजला दिलेलं त्याचं नाव १९९६ मध्ये काढून टाकण्यात आलं. ऑपरेशन थिएटरमध्ये रक्तवाहिन्या मात्र अजून त्याने घालून दिलेल्या तत्त्वावरच जोडल्या जातात.