स्वामी रामानंद तीर्थ : कुटुंब, पक्ष आणि वादग्रस्त अध्यक्षपद

राजकीय नेत्याच्या चरित्राचा अभ्यास करताना आपण प्रथम त्याचे घराणे आणि त्याचा पक्ष पाहतो. त्यानंतर सर्वोच्च पदापर्यंतचा त्याचा प्रवास तपासतो. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या बाबतीत मात्र पहिल्याच पायरीवर अडचण येते, कारण त्यांनी घराचा त्याग केला होता. तरीही हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी अटीतटीची लढत देऊन ते निवडून आले. हे कशाच्या बळावर घडले, ते आपण या घटकात पाहू.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे 3 ऑक्टोबर 1903 रोजी त्यांचा जन्म झाला. सोलापूरला शिकत असताना, 1920 साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. पुढे अमळनेर व पुणे येथे शिक्षण पूर्ण करून त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. त्यानंतर ते निजामाच्या राज्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत दाखल झाले व तेथील वास्तव्यातच त्यांनी संन्यास घेतला. हा संन्यास लोकांपासून दूर जाण्यासाठी नव्हता, हे आपण लक्षात घ्यावे.

1935 च्या सुमारास ते आजच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस आले. त्या वेळी या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद असे होते. तेथील योगेश्वरी विद्यालयात त्यांनी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी शिक्षणाला राष्ट्रीय वळण दिले. राज्यात सभा, संघटना आणि वृत्तपत्रे यांवर कडक निर्बंध होते. अशा काळात शाळा हीच माणसे घडवण्याची जागा ठरली. शिक्षक व विद्यार्थी हेच या संन्याशाचे कुटुंब झाले. पुढील लढ्यातील अनेक कार्यकर्ते याच वर्तुळातून आले.

आता पक्षाकडे वळू. 1937 मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. पुढील वर्षी स्वामीजींनी शाळा सोडून पूर्णवेळ राजकारण पत्करले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये तो स्थगित करण्यात आला. स्वामीजींना तुरुंगवास घडला. बंदी मात्र 1946 पर्यंत कायम राहिली.

बंदी उठताच अध्यक्ष कोण, हा प्रश्न उभा राहिला. आंध्र, महाराष्ट्र व कर्नाटक या तिन्ही प्रादेशिक परिषदांचे कार्यकर्ते आता एका संघटनेत आले होते. एका बाजूला बुर्गुल रामकृष्ण राव हे तेलंगणातील नामवंत वकील व बहुभाषी विद्वान होते. त्यांच्याभोवतीचा मवाळ गट निजामाशी वाटाघाटी करून टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती मिळवू पाहत होता. दुसऱ्या बाजूला स्वामीजी होते आणि तरुण, डाव्या विचारांचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. मवाळांची भूमिका भ्याडपणाची होती, असे समजू नये. सामान्य जनतेवर दडपशाहीचा वरवंटा फिरू नये, ही त्यांची चिंता खरी होती. स्वामीजी अगदी थोडक्या मतांनी विजयी झाले. जवळजवळ निम्मी संघटना त्यांच्या विरोधात होती.

एवढ्या निसटत्या बहुमतावर अध्यक्ष झालेला माणूस सहसा मधला मार्ग शोधतो. स्वामीजींनी तसे केले नाही. जून 1947 मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच महिन्यात हैदराबादेत भरलेल्या अधिवेशनात स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याची मागणी केली. 7 ऑगस्टला विलीनीकरण दिन पाळण्यात आला आणि 15 ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. लढ्याचा बहुतेक काळ ते तुरुंगात होते. बाहेर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने आंदोलन चालवले. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या शरणागतीने हा लढा संपला.

गटबाजी मात्र संपली नाही. 1952 च्या निवडणुकीनंतर राज्याचे मुख्यमंत्रिपद रामकृष्ण राव यांच्याकडे गेले. स्वामीजी गुलबर्ग्यातून आणि 1957 मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. लढ्याचे नेतृत्व केलेल्या माणसाच्या हाती राज्याची सत्ता आली नाही. 22 जानेवारी 1972 रोजी त्यांचे निधन झाले. आज नांदेडचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांचे नाव धारण करतात.

या चरित्रातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पद मतांनी मिळते, मग ती मते कितीही थोडी असोत. त्या पदाला वजन मात्र आधीच्या कामामुळे येते. स्वामीजींच्या बाबतीत ते काम अंबाजोगाईच्या वर्गखोल्यांत झाले होते. निसटते बहुमत मिळालेल्या नेत्याने ठाम भूमिका घ्यावी की विरोधकांशी तडजोड करावी, याचा विचार आपण आपल्या परिसरातील एखाद्या संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अनुभवाच्या आधारे करून पाहावा.